चम्मक गावाचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमरावती जिल्ह्यातील अचलपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याखालच्या काळ्या मातीत, चम्मक हे शेतकऱ्यांचे गाव आहे. तेथे सापडलेल्या ताम्रपटामुळे विदर्भाच्या प्राचीन इतिहासात त्याचे नाव कायमचे नोंदले गेले. शिक्षक, विद्यार्थी, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि नोकरीसाठी गाव सोडलेली मंडळी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. पुढचे काही प्रश्न आसपासच्या इतर गावांचे आहेत; त्यांची उत्तरेही शक्य तेथे चम्मकच्याच उदाहरणावरून दिली आहेत.

१. चम्मक नेमके कुठे आहे आणि त्याचा इतिहास लिहिण्यासारखे त्यात काय आहे?

चम्मक अचलपूरच्या नैर्ऋत्येस सहा-सात किलोमीटरवर आहे. अभ्यासकांच्या लेखनात ‘चम्मक’ हे रूप रूढ झाले असले, तरी बोलताना लोक ‘चमक’ म्हणतात. तेथे किल्ला नाही, मोठे प्राचीन मंदिर नाही आणि पर्यटकांनी थांबावे असे काही दिसतही नाही. तरीही विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याचा राजा दुसरा प्रवरसेन याने हे गाव दान दिल्याचा संस्कृत ताम्रपट याच गावात मिळाला आहे. राजाचे नाव पाठ्यपुस्तकांत येतेच, परंतु एका साध्या गावावर कोणकोणते बोजे असत याची यादी फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळते आणि ती येथे आहे. चम्मकचे महत्त्व त्या यादीत आहे, असे माझे मत आहे (प्रश्न ६ पाहा).

२. ताम्रपट कसा सापडला आणि तो कोणी वाचला?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावातील शेत नांगरताना हे पत्रे वर आले. जॉन फेथफुल फ्लीट यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गुप्तकालीन लेखांच्या खंडात त्यांचे वाचन व भाषांतर दिले. पुढे नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९६३ च्या आपल्या वाकाटक लेखांच्या खंडात त्यांचा पुन्हा विचार केला. लेखाची भाषा संस्कृत आहे. लिपी ब्राह्मीची दक्षिणी शाखा असून प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकट कोरलेली असल्यामुळे तिला पेटिकाशीर्षक लिपी म्हणतात. चौकटींची ही रांग ओळखीची झाली की वाकाटकांचा लेख लांबूनही कळतो.

३. ताम्रपटात काय लिहिले आहे, ते साध्या मराठीत सांगाल का?

आरंभी वाकाटकांची वंशावळ येते. प्रवरसेन हा दुसरा रुद्रसेन आणि प्रभावतीगुप्ता यांचा मुलगा होता आणि प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या होती. त्यानंतर मुख्य मजकूर येतो. भोजकट राज्यातील, मधुनदीच्या तीरावरील ‘चर्माङ्क’ नावाचे गाव, राजमानाने मोजलेल्या ८००० भूमींसह (प्रश्न ८), शत्रुघ्नराजाचा मुलगा कोंडराज याच्या विनंतीवरून, निरनिराळ्या गोत्रांच्या व शाखांच्या १००० ब्राह्मणांना दिले आहे. मग सवलतींची यादी आणि अटी येतात (प्रश्न ६ व ७). शेवटी तारीख आहे: राज्यवर्ष १८, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, सेनापती चित्रवर्मा याच्या कारकिर्दीत.

हा हुकूम प्रवरपूर येथून निघाला. मिराशींनी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार असे मानले, तर मनसरच्या उत्खननानंतर काही अभ्यासकांनी तो मान रामटेकजवळच्या मनसरला दिला. वाद मिटलेला नाही. भोजकट हे नाव मात्र याहूनही जुने आहे: मध्य प्रदेशातील भारहूतच्या बौद्ध स्तूपावर एका भिक्षुणीच्या दानाची नोंद करताना ती भोजकटची असल्याचे कोरलेले आहे. भोजकट म्हणजे अमरावतीजवळचे भातकुली, असे मिराशींचे मत होते.

४. म्हणजे आमचे गाव १५०० वर्षांचे झाले का? वर्धापनदिन साजरा करता येईल का?

ताम्रपटात राजाच्या राज्यारोहणापासूनचे वर्ष दिले आहे. शक किंवा गुप्त संवत्सर दिलेला नाही. प्रवरसेनाची आई दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी असल्यामुळे त्याचा काळ पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात येतो आणि त्याचे अठरावे वर्ष त्या शतकाच्या मध्याच्या आसपास पडते. नेमके इसवी सन धरून समारंभ करायचा झाल्यास दोन अभ्यासकांची दोन वर्षे मिळतील. तिथी मात्र स्वच्छ लिहिलेली आहे, त्यामुळे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला कार्यक्रम घेण्यास कोणाचीच हरकत असू नये.

मात्र ताम्रपट हा गावाचा जन्मदाखला नव्हे. राजाने गाव वसवले नाही, नाव, नदी आणि मोजलेली जमीन असलेले वसते गाव त्याने दुसऱ्याच्या हाती दिले. म्हणून १५०० हा वयाचा खालचा आकडा आहे. वरचा आकडा कागदावर सापडायचा नाही, तो पांढरीच्या मातीत शोधावा लागेल (प्रश्न १३).

५. ‘चर्माङ्क’ म्हणजे चामड्याचे गाव का?

शब्दाची फोड ‘चर्म’ अधिक ‘अङ्क’ अशी होते आणि तेवढ्यावर येथे कातडी कमावण्याचा धंदा होता असे सांगितले जाते. हा निष्कर्ष घाईचा आहे. दानपत्र लिहिणारे पंडित बोलीतल्या नावांना संस्कृत वेष चढवीत असत, त्यामुळे मूळ नाव ‘चम्मक’सारखेच असावे आणि ‘चर्माङ्क’ हे त्याचे दरबारी रूप असावे, ही शक्यता तितकीच बळकट आहे. सवलतींच्या यादीतही ‘चर्म’ आहे, असे काही वाचक लिहितात. परंतु ते कलम वाकाटकांच्या इतर दानपत्रांतही तसेच येते, त्यामुळे त्याचा या गावाच्या नावाशी संबंध जोडता येत नाही.

६. करमाफीच्या त्या लांबलचक यादीचा अर्थ काय?

जे माफ केले ते इतर गावांना द्यावे लागत होते, अशा नजरेने ही यादी वाचावी. मग ती माफीची न राहता बोजांची यादी होते.

पहिले कलम ‘अकरदायी’ आहे, म्हणजे गावाने कर द्यायचा नाही. लगेच ‘अभटच्छात्रप्रावेश्य’ येते: राजाचे शिपाई-प्यादे गावात शिरू शकणार नाहीत. हे मुद्दाम लिहावे लागले, याचा अर्थ एरवी ते शिरत, मुक्काम करीत आणि त्यांची सोय गावालाच पाहावी लागे. ‘अपारम्परगोबलीवर्द’ या कलमाचा अर्थ अभ्यासकांनी वेगवेगळा लावला आहे, पण गाईबैलांवर राजाचा जो हक्क पाळीपाळीने किंवा वाढीव जनावरांवर चाले, तो येथे सोडला आहे एवढे निश्चित. वखर-तिफणीच्या दिवसांत बैलजोडी उचलली जाणे म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

‘अपुष्पक्षीरसन्दोह’ म्हणजे फुले व दूध पुरवण्याची सक्ती नाही. ‘अचारासनचर्माङ्गार’ या एका समासात चारा, बसण्याची आसने, कातडे आणि कोळसा असे चार पदार्थ बसवले आहेत. दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्याच्या घोड्याला चारा, त्याला बसायला आसन, चुलीला किंवा शेगडीला कोळसा, असे चित्र त्यातून उभे राहते. पुढचे कलम मीठ, आंबवण्याचे किण्व आणि खणून काढायच्या पदार्थांविषयी आहे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले वाचक मिठाच्या उल्लेखाने उत्साहित होतात, ते स्वाभाविक आहे. तथापि प्रवरसेनाच्याच अठराव्या वर्षाच्या, आता मध्य प्रदेशात असलेल्या शिवनीच्या ताम्रपटातही हीच कलमे आहेत. म्हणून ती दरबाराच्या ठरावीक मसुद्याचा भाग समजावीत.

सर्वांत बोलके कलम ‘सर्वविष्टिपरिहारपरिहृत’ हे आहे. विष्टी म्हणजे वेठ. सर्व प्रकारची वेठ माफ, असे त्यात म्हटले आहे आणि ‘सर्व’ या शब्दावरून तिचे प्रकार बरेच होते हे कळते. या साऱ्यानंतर ‘सनिधि सोपनिधि’ येते: जमिनीत पुरलेले धन आणि ठेवी यांचा हक्कही दान घेणाऱ्यांकडे गेला. हे कलम लक्षात ठेवावे, शेवटच्या प्रश्नात ते पुन्हा लागेल. हे सारे चंद्रसूर्य असेपर्यंत, मुलानातवंडांपर्यंत चालावे असे हुकूम सांगतो.

या सवलतींचा लाभ कोणाला मिळाला, हा प्रश्न वेगळा आहे. कर राजाकडे जायचा थांबला म्हणून कसणाऱ्याचा भार हलका झाला, असे समजू नये (प्रश्न १०).

७. हे दान कायमचे आणि बिनशर्त होते का?

कायमचे होते, बिनशर्त नव्हते. चम्मकच्या ताम्रपटात ज्या अटी आहेत, त्या दानपत्रांच्या नेहमीच्या साच्यात एवढ्या तपशिलाने येत नाहीत. दान घेणाऱ्यांनी सप्तांग, म्हणजे राजा, मंत्री, कोश, सैन्य अशा सात अंगांच्या, राज्याशी द्रोह करू नये, ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार किंवा राजाला विषप्रयोग असे गुन्हे करू नयेत, युद्धात उतरू नये आणि इतर गावांना त्रास देऊ नये. याविरुद्ध वागल्यास राजाने जमीन परत घेतली तरी त्याला चोरीचा दोष लागणार नाही. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने परत घेण्याची वाट इतकी स्पष्ट आखून ठेवणारा राजा भोळा दाता नव्हता. १००० जणांचा समूह राजधानीपासून दूर एका ठिकाणी सवलतींसह बसवताना त्याला या समूहाच्या सामर्थ्याची जाणीव होती, असा अर्थ मी यातून काढतो.

८. ८००० भूमी म्हणजे किती एकर?

‘भूमी’ हे येथे मोजमापाचे एकक आहे आणि ती राजमानाने, म्हणजे सरकारी मापाने मोजली असल्याचे लेखात म्हटले आहे. त्या एककाचे एकरात सर्वमान्य रूपांतर नाही. ‘आठ हजार एकर’ असे लिहिणे तर सरळ चूक आहे. लेखातूनच निघणारे एक गणित मात्र करता येते: ८००० भूमी आणि १००० घेणारे, म्हणजे माणशी सरासरी ८ भूमी. दानाची आखणी सम आकड्यांत झाली होती, एवढे त्यावरून दिसते.

९. खरोखर १००० ब्राह्मण आले का? आमचे घराणे त्यांच्यातले असू शकेल का?

आकडा १००० चा असला, तरी लेखात प्रत्यक्ष नावे ४९ आहेत. बाकीच्यांचे प्रतिनिधी म्हणून ही नावे घातली, की १००० हा आकडा मोठ्या समूहाचा निदर्शक आहे, याबद्दल दोन्ही बाजूंनी लिहिले गेले आहे.

घराण्याविषयी स्पष्टच सांगणे बरे. लेखातील व्यक्ती गोत्र आणि नाव यांनी ओळखल्या आहेत आणि बऱ्याच नावांच्या शेवटी ‘आर्य’ येते, जसे वात्स्य गोत्राचा देवार्य किंवा भारद्वाज गोत्राचा कुमारशर्मार्य. आडनाव एकालाही नाही. आजची आडनावे कित्येक शतकांनंतरची आहेत आणि एकच गोत्र असंख्य घराण्यांत असते. केवळ गोत्र जुळले म्हणून पंधराशे वर्षांची वंशावळ जोडता येणार नाही.

१०. या सगळ्यात शेतकरी कुठे आहे?

हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो, खरे तर तो पहिला असायला हवा होता. चम्मकचा हुकूम राजाच्या अध्यक्षांनी नेमलेले अधिकारी, कुलपुत्र, भट आणि छात्र यांना उद्देशून आहे. जे लोक गावात येऊन वसुली करू शकत होते, त्यांना ‘आता येऊ नका’ असे सांगणे हा त्याचा हेतू होता. जमीन कसणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही. याच राजाची आई प्रभावतीगुप्ता हिच्या पुणे ताम्रपटात मात्र गावातील कुटुंबी, म्हणजे शेतकरी गृहस्थ, यांचे कुशल विचारून मग आज्ञा दिली आहे. ‘कुणबी’ हा शब्द याच ‘कुटुंबी’पासून आला असे भाषाभ्यासक सामान्यतः मानतात. तेव्हा त्या काळच्या हुकुमांत शेतकरी अगदीच नव्हता असे नाही. चम्मकमध्ये त्याला विचारण्याची गरज वाटली नाही.

वेठ माफ झाली, परंतु शेत कोणी नांगरायचे? दान घेणारे १००० वेदाभ्यासी स्वतः औत धरीत होते असे मानणे कठीण आहे. कसणारे हात तेच राहिले असावेत, देण्याघेण्याचा धनी तेवढा बदलला, हे सर्वांत सरळ अनुमान आहे. ताम्रपटाला गावाचा इतिहास म्हणताना ही बाजू विसरली जाते.

११. ताम्रपटानंतर पुढे काय झाले?

वाकाटकांनंतर वऱ्हाडावर राष्ट्रकूट आणि यादव यांची सत्ता आली. त्यानंतर बहमनी आणि १४९० पासून इमादशाही आली आणि अचलपूर, म्हणजे तेव्हाचे एलिचपूर, हे इमादशाहीचे मुख्य ठाणे झाल्यामुळे चम्मक एका राजधानीच्या पंचक्रोशीत आले. १५७४ मध्ये इमादशाही अहमदनगरच्या निजामशाहीने संपवली आणि १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले. १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजाम स्थिरावला, पण नागपूरकर भोसलेही महसुलात वाटा घेत, त्यामुळे एकाच गावाला दोन धनी झाले. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी गाविलगड घेतला. १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. त्यापुढचे १९५६ आणि १९६० हे टप्पे सर्वांना माहीत आहेत.

गावाच्या अंगणात मोठा बदल घडवला तो १८६० च्या दशकाने. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचल्यावर वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईच्या बाजारात जाऊ लागला. चम्मकचा ताम्रपट वर काढणारा नांगर साधारण याच काळातला होता.

१२. आमच्या गावाला ताम्रपट नाही. जुनी कागदपत्रे कुठली पाहावीत?

आधी आपले गाव वऱ्हाडातले की जुन्या नागपूर राज्यातले हे ठरवावे, कारण दोन्हीकडची दप्तरे वेगळी आहेत. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ या भागात, १८६१ नंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी, म्हणजे थेट शेतकऱ्याकडून सारा घेण्याच्या पद्धतीची, मोजणी झाली. तेथे खातेदाराचे नाव, सर्व्हे नंबर आणि गावनकाशा यांपासून सुरुवात करता येते. पाटील-पटवारी आणि देशमुख-देशपांडे यांच्या वतनाचे कागद काही घरांत असतात.

नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांद्याकडे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजारामार्फत भरण्याची पद्धत, होती. तेथे खसरा क्रमांक चालतो आणि बंदोबस्ताची मिसल, वाजिब-उल-अर्ज व निस्तार पत्रक हे कागद फार उपयोगी पडतात. गायरान कुठे, सरपण कोणत्या जंगलातून, तलावाचे पाणी कोणाच्या पाळीने, हे सारे त्यांत नोंदलेले असते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलावांना मात्र ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे नाव चिकटून राहिले.

नकला भूमी अभिलेख कार्यालयात आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळतात. मोडी किंवा उर्दू-फारसी कागद असल्यास वाचणारा आधी शोधावा आणि कागदाला प्लास्टिकचे आवरण चिकटवू नये.

१३. गावाजवळ पांढरीचे टेकाड आहे. ते प्राचीन असेल का?

असू शकते. शतकानुशतके एकाच जागी मातीची घरे पडत आणि पुन्हा उभी राहत गेली की राख, शेण, चुना आणि भिंतींची माती साचून पांढुरकी माती तयार होते. तिला पांढरी म्हणतात आणि शेताच्या जमिनीला काळी. हीच माती खत म्हणून गाडीगाडीने वावरात नेली जाते आणि तिच्याबरोबर इतिहासही जातो. नेणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला ती खरोखरच उपयोगी पडते.

काठावर खापरे दिसली तर रंग पाहावा. आतून काळी आणि बाहेरून तांबडी खापरे व मोठ्या आकाराच्या विटा या सातवाहनकाळाच्या किंवा त्याआधीच्या वस्तीच्या खुणा असू शकतात. फक्त मातीची गढी आणि तिचे बुरूज उरले असतील, तर ती बहुधा अलीकडच्या काही शतकांतली पाटील-देशमुखांची असते, मात्र अशा गढ्या अनेकदा जुन्या पांढरीवरच बांधलेल्या असतात. नागपूरच्या बाजूला माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड येथे जी दगडांची वर्तुळे आहेत, ती लोहयुगातील दफने आहेत. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीही उत्खननात मिळाली. त्या वर्तुळांना ‘गवळ्यांचे वाडे’ समजून दगड उचलू नयेत.

१४. एका ताम्रपटातले नाव आमच्या गावाशी जुळते. तो आमचाच म्हणता येईल का?

नुसत्या नावावर नाही. विदर्भात एकाच नावाची अनेक गावे आहेत, शिवाय खुर्द आणि बुद्रुक अशा जोड्या. नावाबरोबर नदी, शेजारची गावे आणि दिशा जुळल्या पाहिजेत. सापडण्याची जागाही फसवी असते, कारण ताम्रपट घराण्याबरोबर फिरतात आणि भांड्यांच्या मोडीतही विकले जातात. प्रश्न १० मधला प्रभावतीगुप्तेचा ताम्रपट पुण्यात मिळाला म्हणून त्याला पुण्याचे नाव पडले, त्यातले दान मात्र विदर्भातले आहे. चम्मकचे भाग्य असे की ज्या गावाचे दान, त्याच गावच्या शेतात पत्रे मिळाले आणि नावही टिकून होते.

१५. नांगरताना नाणी किंवा ताम्रपट सापडला तर तो आमचाच ना?

प्रश्न ६ मधले ‘सनिधि सोपनिधि’ आठवावे. पाचव्या शतकात राजाने गावातल्या गुप्तधनाचा हक्क दानाबरोबर देऊन टाकला होता. आजच्या सातबाऱ्यात तो येत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. वस्तूचे स्वरूप, किंमत, जागा आणि तारीख कळवायची असते. न कळवणे हा गुन्हा आहे आणि त्यामुळे मिळू शकणारा हिस्साही जातो. पुरावस्तूंना १९७२ चा कायदाही लागू होतो. व्यवहारात तलाठी किंवा तहसीलदार यांच्यामार्फत अर्ज करून पोच घ्यावी.

कळवल्याने वस्तू गावातून जाते, ही तक्रार खरी आहे. पण न कळवलेली वस्तू सोनाराच्या मुशीत जाते. सध्याच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहनांच्या पोटीन, म्हणजे तांबेमिश्रित धातूच्या, नाण्यांचा मोठा साठा मिळाला. ती नाणी वितळली नाहीत, म्हणूनच सातवाहन राजांच्या क्रमातली काही नावे पक्की झाली आणि त्यांबरोबर तऱ्हाळ्याचेही नाव राहिले.

सापडलेली वस्तू चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नये, कारण हिरव्या थराबरोबर अक्षरेही निघतात. उचलण्याआधी जागेचे छायाचित्र घ्यावे आणि सर्व्हे किंवा गट क्रमांक, धुऱ्यापासूनचे अंतर व खोली लिहून ठेवावी. ताम्रपट असेल तर पत्रे ज्या कडीत ओवलेले असतात ती कडी कापू नये आणि तिच्यावरची मुद्रा वेगळी करू नये.